आधी टोपण, मग तारा

"प्लगला स्क्रू किती? तीन. अन् मी रोज ज्या घड्याळांची आतडी काढून परत पोटात भरतो, त्यांना किती? सांगितलं तर चक्कर येऊन पडशील. वायरमनला बोलवायचं तर खुशाल बोलव, पोरी. पण मग त्यानं पुढच्या दारातून पाऊल आत टाकलं, की मी मागच्या दारानं बाहेर!"

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी घड्याळजी हे बोलले. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मशीनच्या वायरीवरचा कंपनीचा प्लग पकडीनं कटकन उडवला. आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, की नव्या प्लगच्या स्क्रूला आपल्या पेटीतला एकही स्क्रूड्रायव्हर लागत नाही. पेटीत स्क्रूड्रायव्हर सतरा होते. त्यातल्या सगळ्यात दांडग्याचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं होतं.

"मग आता?" सूनबाईनं विचारलं.

"स्क्रू चुकीचे आहेत," घड्याळजी म्हणाले.

सूनबाईनं जमिनीवर पडलेला कापलेला प्लग उचलला, त्याच्या बुडाशी राहिलेल्या बोटभर वायरीकडे पाहिलं आणि तो ओट्यावर ठेवून दिला. तिची चिंता वेगळी होती. ती मागच्या खोलीत बसली होती, पांढऱ्या पेटीत, छत्तीस अंड्यांच्या रूपानं.

झालं होतं असं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला एका सिमेंटच्या ट्रकनं मागं येता येता ढुशी दिली. खांब कमरेतून वाकला, गल्लीची वीज गेली. ऑफिसात फोन केला तर "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणाले. एरवी संध्याकाळपर्यंत वीज नसली म्हणून या घराचं काही अडत नव्हतं. पण मागच्या खोलीत सूनबाईचं अंडी उबवायचं मशीन होतं, विजेवर चालणारं, आणि त्यातल्या अंड्यांचा आज एकविसावा दिवस होता. पिल्लं बाहेर यायचा दिवस.

ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नव्हतं. तेव्हा सूनबाईनं अंगणात बसून एकेक अंडं स्वतः फोडून पाहिलं होतं, आत कुठपर्यंत आलं होतं ते. मग दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. या खेपेला तिनं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढला होता आणि अठरा दिवस, दिवसातून तीनदा, न चुकता अंडी उलटून फुलीचा गोळा नि गोळ्याची फुली केली होती. कुणाच्या लग्नाला गेली नाही की माहेरी गेली नाही. एकदाच म्हणाली होती, "या वेळीही नाही झालं, तर मशीन माळ्यावर टाकते." आणि माळ्यावर गेलेली वस्तू या घरात परत खाली आलेली आजवर कुणी पाहिलेली नव्हती.

मशीनच्या काचेला आतून तापमापक चिकटवलेला होता. साडेसदतीस हवं. नऊ वाजता छत्तीसपूर्णांक आठ होतं.

"तिसाच्या खाली गेलं की संपलं," सूनबाई म्हणाली.

"तिसापर्यंत जायला वेळ कुठाय?" घड्याळजी म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

जनरेटर शेजारच्या वेल्डरनं आणून दिला होता. लाल रंगाचा, दोन चाकांचा, दिसायला सुटकेसएवढा आणि उचलायला म्हशीएवढा. वेल्डरचं आयुष्य हातोड्याच्या आवाजात गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि जगाला आपल्यापेक्षाही कमी ऐकू येतं असा त्याचा समज असल्यामुळे तो कायम ओरडून बोलायचा. घोडं अडलं ते एवढ्याचसाठी, की जनरेटरच्या सॉकेटला तीन जाड गोल भोकं होती आणि मशीनच्या प्लगला तीन चपट्या पिना. पत्रिका जुळेना. लांब वायरीचा एक बोर्ड घरात होता, पण सूनबाईचा नवरा तो चार दिवसांसाठी परगावच्या कामावर घेऊन गेलेला. म्हणून मग वेल्डरनं आपल्या दुकानातून जाड पिनांचा नवा कोरा प्लग आणला होता. काळं रबरी टोपण, आत तीन पितळी पिना. मशीनच्या वायरीला तो बसवायचा, एवढंच काम.

"काका, मी बसवून देऊ का?" वेल्डर ओरडला.

"तुझ्या हातात घण शोभतो," घड्याळजी म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर तेवढा दे."

वेल्डरनं दिला. तो घड्याळजींच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आला.

घड्याळजींनी टेबल खिडकीशी ओढलं, पांढरा रुमाल अंथरला, त्यावर प्लगचे भाग ओळीनं मांडले आणि डाव्या डोळ्याला भिंग लावलं. भिंगाची काहीच गरज नव्हती. प्लगच्या पिना दहा पावलांवरून दिसल्या असत्या. पण भिंगाशिवाय त्यांचे हात हलत नसत, जसं काही लोकांना डोळे मिटल्याशिवाय गाता येत नाही.

आणि काम कसलं सुरेख केलं हो! वायरीचं वरचं कातडं दोन बोटं सोललं. आतून तीन तारा निघाल्या, तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. तिघींची टोकं उघडी करून आतले तांब्याचे केस असे पिळले, की एक केस वर डोकावेल तर शपथ. तपकिरी फेजच्या पिनेला, निळी न्यूट्रलला, हिरवी मधल्या लठ्ठ पिनेला, अर्थिंगची. हिरवी जरा लांब ठेवली.

"ही लांब का?" सूनबाईनं विचारलं.

"उद्या कुणी वायर ओढलीच, तर पहिल्या दोघी आधी सुटतील, ही शेवटी. ही राखणदार आहे. राखणदारानं सगळ्यांच्या मागून घर सोडायचं."

सूनबाई मान डोलावून बघत राहिली. सासूबाईसुद्धा मशीनभोवती गुंडाळायला गोधडी घेऊन निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबल्या. या मशीनचं नि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. "कोंबडी बसते ती अंड्यावर, कपाटात नाही बसत," असं त्या आल्यागेल्याला सांगत. पण नवऱ्याच्या हातातल्या त्या तीन तारा पाहून त्याही गोधडीसकट टेबलाजवळ सरकल्या. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात त्याचं तारुण्य शिल्लक असतं, ते असं अधूनमधून दिसतं.

घड्याळजींनी तिसरा स्क्रू आवळला, भिंग काढलं आणि प्लग सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"नऊ एकतीस," ते म्हणाले. "बोला."

"टोपण कुठाय?" वेल्डर ओरडला.

टोपण टेबलावर होतं. पांढऱ्या रुमालावर, ओळीतलं शेवटचं, जिथे घड्याळजींनी ते मांडलं होतं तिथेच. त्याच्या शेपटाकडच्या बारीक भोकातून वायर आधी ओवायची असते आणि मगच पिनांना लावायची. आता वायरीच्या एका टोकाला मशीन होतं, दुसऱ्या टोकाला तीन पिना, आणि दोन्हींपैकी काहीही त्या भोकातून जाणं शक्य नव्हतं.

"झाकण शेवटी लागतं," घड्याळजी हळूच म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षं त्यांनी घड्याळाचं झाकण सगळ्यात शेवटीच लावलं होतं. आतलं सगळं जागच्या जागी बसलं, चालायला लागलं, एक रात्र पाहिलं, की मग झाकण, टक्. हातांना हे इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची पद्धतच राहिली नव्हती.

"मग स्क्रू सोडा, वायर काढा, ओवा, परत लावा," सूनबाई म्हणाली. "पाच मिनिटं."

इथं घड्याळजींचा दुसरा धर्म आडवा आला. एकदा वाकलेली स्प्रिंग परत घालायची नाही. स्क्रूखाली दबलेली तार ही वाकलेल्या स्प्रिंगचीच बहीण. "असलं उष्टं काम मी करत नाही," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी वीतभर वायर पुन्हा कापली. कटकन.

तापमापक पस्तीसपूर्णांक सहा.

दुसऱ्या वेळी टोपण आधी ओवलं. ओवताना मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "आधी टोपण, मग तारा," म्हणजे सगळे साक्षीदार. मग पिळणं, बसवणं, आवळणं, सगळं पहिल्यासारखं, किंबहुना पहिल्याहून सुबक. मग त्यांनी टोपण पिनांकडे सरकवलं. ते आलं. फक्त शेपूट पुढे आणि तोंड मागे, मशीनकडे. टोपण उलटं ओवलं होतं.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "हे म्हणजे झबल्यात पाय घालण्यासारखं झालं."

"तू गप गं."

"मी गपच आहे. अंडीपण गप होतील थोड्या वेळानं."

हे त्या हसत म्हणाल्या, पण म्हणाल्यावर त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली गोधडी घेऊन तडक मागच्या खोलीत गेल्या. पाचच मिनिटांत त्यांनी चुलीवर पाणी चढवलं, घरातल्या सगळ्या बाटल्या शोधल्या, सरबताच्या, तेलाच्या, औषधाच्या. गरम पाणी भरून, फडक्यांत गुंडाळून त्या मशीनच्या आत ठेवायला सूनबाईला देऊ लागल्या. शेवटच्या तीन दिवसांत मशीन उघडायचं नसतं. पण आज नियमांची वरातच निघाली होती.

समोरच्या खोलीत पुन्हा कटकन आवाज झाला.

चौतीसपूर्णांक एक.

तिसऱ्या वेळी घड्याळजींनी टोपण हातात घेतलं, नीट उलटसुलट पाहिलं, तोंड इकडे, शेपूट तिकडे, आणि वायरीचं टोक भोकाशी नेलं. तेवढ्यात आतून हाक आली. हाक नव्हतीच खरं तर. सूनबाई कुजबुजत होती, पण अशा आवाजात की वेल्डर सोडून सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा. इकडे या. हळू या."

घड्याळजी टोपण ठेवून आत गेले. सूनबाई मशीनसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिच्या ओंजळीत एक अंडं होतं, फुली वर आलेलं. तिनं ते काही न बोलता त्यांच्या कानाशी धरलं.

घड्याळजींचा तो कान साधा नव्हता. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशातलं घड्याळ दिवसाला किती मागं पडतंय, ते त्यांना त्यानं तोंड उघडायच्या आत कळायचं. त्या कानाला वाटलं, आपण सगळं ऐकून बसलोय.

टिक्.

मग काहीच नाही.

मग टिक्, टिक्. थांबलं. मग एक खरडल्यासारखं. मग बारीक, फार बारीक, दूरच्या विहिरीतून यावा तसा एक आवाज, चिंव.

घड्याळजींनी श्वास धरून ठेवला. बिघडलेलं घड्याळसुद्धा नेमानं बिघडलेलं असतं. हे तसं नव्हतं. याला ताल नव्हता. हे ठोकत होतं, दमत होतं, थांबत होतं, विचार करत होतं आणि पुन्हा ठोकत होतं. आत अंधार, बाहेर काय आहे याची ओळखदेख नाही, आणि तरी त्याला ठाम माहीत होतं की बाहेर काहीतरी आहे.

"याला चावी कुणी दिली?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, लहान मुलानं विचारावं तसं.

"कोंबड्यानं," सासूबाई म्हणाल्या.

पण त्याही हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, अंडं घेतलं, आपल्या कानाला लावलं. आणि पहिल्या दिवसापासून या मशीनला कपाट म्हणणारी बाई आपल्या पदरात ते अंडं धरून तिथल्या तिथे खाली बसली.

"आत कुणीतरी आहे गं," त्या सुनेला म्हणाल्या, जणू सुनेला हे माहीतच नव्हतं.

वेल्डर दारात येऊन उभा होता. "काय झालं?" तो ओरडला. सगळ्यांनी एकदम त्याला श्श केलं. त्याला काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून सूनबाईनं दुसरं एक अंडं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. भाजून, कापून, घट्टे पडून त्या तळहाताचं पार कातडं झालेलं होतं. वेल्डर बघत राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले. आतून ठोका बसला होता, थेट त्याच्या हातावर.

"ठोकतंय," तो म्हणाला. आणि गल्लीतल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेल्डर हळू आवाजात बोलला.

घड्याळजी टेबलाशी परत आले ते तरंगतच. त्यांनी वायर घेतली, सोलली, पिळली, बसवली, आवळली. कानात टिक् टिक् चालूच होतं. तिसरा स्क्रू आवळून त्यांनी समाधानानं सुस्कारा सोडला आणि मग त्यांचं लक्ष पांढऱ्या रुमालाकडे गेलं.

टोपण तिथेच होतं.

सूनबाई आली. तिनं पिनांकडे पाहिलं, टोपणाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "बत्तीसपूर्णांक चार झालं."

तिचा आवाज चढला नव्हता, पण घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना अंगणात एकेक अंडं फोडणारी सूनबाई दिसली. आणि या वेळी आत कुणीतरी होतं. त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "माझे हात माझं ऐकत नाहीत. टोपण तू धर."

आयुष्यात त्यांनी हे वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी तर आतल्या खोलीतून वाकून पाहिलं, हे कोण बोललं म्हणून.

त्यांनी वायर कापली, चौथ्यांदा. सूनबाईनं टोपण ओवलं, तोंड पुढे, शेपूट मागे, आणि ते वायरीवर मुठीत घट्ट पकडून उभी राहिली. घड्याळजींनी तारा बसवल्या. तपकिरी, निळी, राखणदार. तिसरा स्क्रू आवळला. सूनबाईनं मूठ सोडली, टोपण सरकत आलं आणि पिनांवर चपखल बसलं. टक्.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, किंवा हसू, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"चला, लावा!" वेल्डर ओरडला. त्याचा आवाज पूर्ववत झाला होता.

आता जनरेटर होता फाटकाशी, रस्त्याकडे धुराचं तोंड करून. मशीन होतं मागच्या खोलीत. आणि मशीनच्या मूळच्या साडेतीन हात वायरीतून कटकन, कटकन करत उरली होती जेमतेम दोन हात. पुरती साडेतीन असती तरी ती फाटकापर्यंत पोचली नसती, पण हे सकाळपासून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जनरेटर आत घेऊ," घड्याळजी म्हणाले.

"धुरानं पिल्लंपण जातील आणि आपणपण," सूनबाई म्हणाली. "तो घरात येणार नाही. खिडकीखालीसुद्धा नाही."

"मग वायर कशी पुरायची?"

"वायर नाही पुरत ना? मग मशीन बाहेर नेऊ."

छत्तीस अंडी, त्यातली काही आतून ठोकत असलेली, आणि पेटी तिरकी होता कामा नये. एका बाजूला वेल्डर, दुसऱ्या बाजूला सूनबाई, मध्ये खालून दोन्ही तळवे लावून घड्याळजी, आणि पुढे सासूबाई, वाटेतल्या चपला, बादल्या, पायपुसणी पायानं बाजूला सारत. मागच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून समोरची खोली, मग तीन पायऱ्या. रोज ज्या वाटेनं ही माणसं डोळे मिटून जात, ती वाट पार करायला त्यांना अकरा मिनिटं लागली. उंबऱ्यावर सगळे थांबले. वेल्डरच्या नाकावरून घाम ओघळला आणि त्यानं तो पुसला नाही. फाटकाशी शेजारीपाजारी जमले होते. विजेविना घरात बसून करायचं काय? कुणी विचारलं नाही की काय चाललंय. चौघांची तोंडं पाहूनच त्यांनी वाट सोडली.

मशीन बुटक्या चौरंगावर टेकलं. तीसपूर्णांक सात.

आता जनरेटर चालू करायचा. घड्याळजींनी दोरीची मूठ धरली आणि सवयीनं हळुवार ओढली, दोन बोटांनी, घड्याळाला चावी द्यावी तशी.

"काका, ओढा! मांजराची शेपटी आहे का ती?"

वेल्डरनं ओढली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. पुन्हा ओढली. पुन्हा खोकला. पाच वेळा, सहा वेळा. वेल्डरनं जनरेटरला लाथ घातली, आईवरून काहीतरी म्हटलं, मग सासूबाईंकडे पाहून माफी मागितली. आकडा पडला, तीसपूर्णांक तीन. सूनबाई गोधडीसकट मशीनला मिठी मारून बसली होती, अंगातली होती नव्हती ती ऊब त्याला द्यावी तशी.

"हा नळ कसला आहे?" सासूबाईंनी विचारलं.

टाकीखाली एक पितळी नळ होता. पेट्रोलचा. तो बंद होता.

"तो... तो चालू करायचा असतो," वेल्डर म्हणाला. दुसऱ्यांदा हळू आवाजात.

सासूबाईंनी नळ फिरवला. वेल्डरनं दोरी ओढली. जनरेटर असा गरजला, की फाटकावरचा कावळा उडाला आणि दोन शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. वेल्डरनं बोट वर करून थांबवलं, जरा स्थिर होऊ दे म्हणून. आवाज एकसुरी झाला. मग त्यानं मान हलवली.

घड्याळजींनी प्लग सूनबाईकडे दिला. "तू लाव."

तिनं लावला. जाड पिना जाड भोकांत गेल्या. पेटीतला पिवळा दिवा लागला, पंखा फिरला, आणि काचेच्या आत छत्तीस अंडी एकदम सोन्याची झाली. आकडा तीसपूर्णांक एकवर थांबला. कितीतरी वेळ तिथेच थांबला. मग तीसपूर्णांक दोन. तीसपूर्णांक चार. एकतीस. फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी आकडे मोठ्यानं वाचू लागलं, आणि मग सगळेच वाचू लागले.

साडेसदतीसवर आल्यावर मोजणी थांबली. आता करायचं काहीच उरलं नव्हतं. आता ज्यांचं काम त्यांनी करायचं होतं.

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्या अंड्यावर तडा गेला. राईएवढं छिद्र पडलं, त्यातून पांढरं टोक आलं नि गेलं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि काचेला नाक टेकवलं. आज पहिल्यांदाच त्यांना भिंगाची गरज होती.

आतलं पिल्लू अंड्याच्या जाड बाजूनं टोचत होतं. एक टोच, मग जरासं वळणं, मग पुढची टोच. वळत, टोचत, वळत, टोचत, अंड्याला आतल्या आत गोल फेरी मारत. तडा पुढे पुढे सरकत होता, सरळ, एका रेषेत, जणू कुणी आखून दिलाय. घड्याळजींना काय दिसतंय ते कळायला वेळ लागला. ते झाकण उघडत होतं. आतून. हत्याराशिवाय, दिव्याशिवाय, कुणाकडे शिकल्याशिवाय, अगदी पहिल्या वेळी, आणि एका वेळेत. फेरी पुरी झाली. पिल्लानं पाय ताणले, टोपी वर उचलली गेली आणि ओल्या बोळ्यासारखं काहीतरी, कुरूप, थरथरतं, दमलेलं, जगात येऊन आडवं पडलं.

जनरेटरच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. म्हणून सगळे नुसते पाहत होते. वेल्डर चौरंगाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसायचं विसरल्या होत्या. सूनबाई हसत नव्हती, रडत नव्हती. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ती मोजत होती.

एक. मग बराच वेळ एकच. मग तीन. मग सहा. मग अंडी अशी फुटायला लागली, की मोजणारी चुकू लागली.

पाच वाजता कोपऱ्यावर नवा खांब उभा राहिला आणि वीज आली. पेटी तशीच सपाट धरून आत गेली. कापलेल्या जुन्या प्लगचे कोणी हाल विचारले नाहीत. वेल्डरनं जाड पिनांचा सॉकेट आणून भिंतीवर बसवला आणि घड्याळजी मुकाट्यानं बघत राहिले. मग जनरेटर बंद झाला.

तेव्हा ऐकू आलं. एवढा वेळ आवाजाखाली दडलेलं ते सगळं एकदम वर आलं. पस्तीस गळे. बारीक, बेसूर, बेताल, एकही दुसऱ्याशी न जुळणारा. घड्याळजी डोळे मिटून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी दुकानातली सगळी घड्याळं एका ठोक्यावर आणायचा प्रयत्न केला होता. हे असं, प्रत्येकानं आपापल्या वेळेनं वाजणं इतकं सुंदर असेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "पस्तीस." आणि मग ती वाकली नि त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं.

"माझ्या कशाला? मी नुसती वायर कमी केली."

"उरलं एक," वेल्डर ओरडला.

कोपऱ्यात एक अंडं होतं, गोळा वर आलेलं. तडा नाही, छिद्र नाही, हालचाल नाही.

"उशीर लागत असेल त्याला," घड्याळजी म्हणाले. "काहींना लागतो." त्यांनी ते हलकेच उचललं आणि उजव्या कानाशी धरलं. सगळे थांबले. काहीच ऐकू आलं नाही. मग बंद पडलेलं घड्याळ ते नेहमी हलवून पाहायचे, तसं त्यांनी ते कानाशी धरूनच दोनदा हळू हलवलं.

सहा वाजून बारा मिनिटांनी ते कानाशीच फुटलं. ते एकवीस दिवस आत नासत होतं. रात्री घड्याळजींना अंगणात जेवायला वाढलं.